सोसायटीचं ऑडिट: ऑडिटर येण्याआधी काय काय काढून ठेवावं

३१ मार्चला वर्ष संपलं की गृहनिर्माण सोसायटीच्या खजिनदाराकडे चार महिने उरतात. सहकार कायद्यानुसार ३१ जुलैपर्यंत लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा व्हावी लागते. तेव्हा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच कामाला लागा. आधी गेल्या सभेचं इतिवृत्त काढा, कारण ऑडिटर सभेनेच नेमावा लागतो, तोही शासनाच्या पॅनेलवरचा, आणि सलग तीन वर्षांपेक्षा जास्त एकच ऑडिटर ठेवता येत नाही. नेमणुकीचा ठराव, ऑडिटरचं संमतिपत्र आणि सभेनंतर ३० दिवसांत सहकार खात्याच्या निबंधकांकडे पाठवलेल्या विवरणाची पोच, हे तीन कागद फाइलमध्ये सगळ्यात वर हवेत.

एक गोष्ट आत्ताच ठरवून टाका: हिशेब कोण लिहिणार? बऱ्याच ठिकाणी पिशवीभर पावत्या ऑडिटरकडेच नेऊन देतात, तोच ताळेबंद तयार करतो आणि तोच त्यावर सही करतो. हे बंद करा. स्वतः लिहिलेलं स्वतःच तपासायचं असेल तर तपासणीला अर्थ राहत नाही, आणि ज्यांच्या पैशासाठी हे सगळं चाललंय त्या सभासदांना काहीच कळत नाही. रोजकीर्द, खतावणी, उत्पन्न-खर्च पत्रक आणि ताळेबंद तुमच्याकडे तयार हवा. हिशेबनीस लागला तर वेगळा नेमा.

मग व्हाउचर. इथे वेळ लागतो, लागू द्या. समजा, पावसाळ्याआधी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर तीन लाख गेले. ठेकेदाराचं बिल आणि चेकचा नंबर एवढ्यावर ऑडिटर थांबत नाही. कोटेशनं किती मागवली, कोणाचं का निवडलं, इतक्या रकमेला समितीचा अधिकार पुरतो की सभेची मंजुरी लागते, पैसा सिंकिंग फंडातून (मोठ्या दुरुस्त्यांसाठी दरवर्षी साठवलेला राखीव निधी) काढला तर सभेचा ठराव आहे का, बिलातून टीडीएस कापून भरला का, काम पूर्ण झाल्याचं कोणी पाहिलं, हे सगळं तो विचारतो आणि त्याने विचारायलाच हवं. म्हणून प्रत्येक मोठ्या खर्चाचे कागद याच क्रमाने एकत्र टाचून ठेवा. मध्यरात्री पंपाची मोटर जळली आणि कोटेशन न घेता दुरुस्त केली, तर पुढच्या समिती सभेत त्या खर्चाची नोंद आणि मंजुरी झाली आहे ना, ते इतिवृत्तात बघा.

बँकेचा ताळमेळ प्रत्येक खात्याचा वेगळा करा. ३० मार्चला दिलेला चेक एप्रिलमध्ये वटला, तर तो फरक ताळमेळ पत्रकात दिसलाच पाहिजे. खरी डोकेदुखी असते ती ऑनलाइन जमा रकमांची. फ्लॅट आईच्या नावावर, मेंटेनन्स मुलगा परदेशातून भरतो आणि स्टेटमेंटवर फक्त त्याचं नाव. अशा रकमा सस्पेन्स खात्यात, म्हणजे कोणाच्या ते न कळलेल्या रकमांच्या खात्यात, पडून राहतात आणि तिकडे आईच्या नावावर थकबाकी चढत जाते. प्रत्येक एंट्रीचा माणूस शोधा, फोन करा. सभासदांना ३१ मार्चच्या बाकीचं पत्र पाठवून दुजोरा घेतला तर असे घोळ ऑडिटच्या आधीच मिटतात.

रोख शिल्लक ३१ मार्चच्या संध्याकाळीच दोघांनी मोजून सह्या करा. एफडीच्या मूळ पावत्या, चढलेलं पण अजून हाती न आलेलं व्याज आणि बँकेने कापलेला टीडीएस यांची एकच यादी पुरते. जुने पदाधिकारी गेले असतील तर बँकेतल्या सह्या बदलल्या का, तेही बघून घ्या.

आकारणीकडे मात्र कडक नजरेने बघा. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे फ्लॅट भाड्याने दिला की लागणारा आकार, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. महापालिका हद्दीत हस्तांतरणाचा प्रीमियम, म्हणजे फ्लॅट विकताना सोसायटी घेते ती रक्कम, २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही. त्यावरची रक्कम ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून पावतीवर दाखवली असेल, तर फ्लॅट विकणाऱ्याला खरोखर नाही म्हणता आलं असतं का, हे समितीने स्वतःला विचारावं. अशी नोंद सापडली तर लपवू नका, ऑडिटरला आपणहून दाखवा. सिंकिंग फंडाची वर्गणी आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधीची ०.७५ टक्के धरतात. तुमच्या बिलात ती वेगळी दिसते का?

नोंदवह्यांत ‘आय’ नमुना (सभासदांची नोंदवही) आणि ‘जे’ नमुना (सभासदांची यादी), भाग दाखले (शेअर सर्टिफिकेटं), नामनिर्देशनं आणि मालमत्तेची यादी हवी. वर्षभरात विकले गेलेले फ्लॅट त्यात चढवा.

शेवटी गेल्या वर्षीचा ऑडिट मेमो उघडा. त्यातल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल, म्हणजे ‘ओ’ नमुना, गेला होता का आणि त्यात दिलेला शब्द पाळला का, हे मुद्द्यागणिक लिहून ठेवा. ऑडिटर इथूनच सुरुवात करण्याची शक्यता जास्त. यंदाचा अहवाल हाती आला की सभेच्या नोटिशीसोबत तो सभासदांना अख्खा द्या, शेऱ्यांची पानं गाळू नका. आणि तीन महिन्यांत ‘ओ’ नमुना भरून निबंधकांकडे पाठवा.