आपल्या विद्यापीठाच्या संघांचा इतिहास कसा लिहावा

विद्यापीठाच्या क्रीडासंघांचा इतिहास लिहायला बसलं की माणूस विद्यापीठाच्या स्थापनेपासून सुरुवात करतो. सोलापूरच्या बाबतीत तसं केलं तर १ ऑगस्ट २००४ च्या आधीचे सगळे खेळाडू एका फटक्यात बाद होतात. आमचं विद्यापीठ एकाच जिल्ह्याचं, लहानसं; पण जिल्ह्यातली महाविद्यालयं त्याच्या कितीतरी आधीची. दयानंद १९४० चं, संगमेश्वर १९५३ चं. मी खो-खो खेळले ते शिवाजी विद्यापीठाच्या जर्सीत, आणि पुढे शारीरिक शिक्षण संचालक झाल्यावर संघ घेऊन गेले ते सोलापूर विद्यापीठाचे. मुली मात्र त्याच गावांतून येत होत्या, वेळापूर, वाडीकुरोली. म्हणून विद्यापीठाच्या मागे जाऊ नका, खेळाडूंच्या मागे जा.

त्यासाठी आधी एका कागदावर आपला जिल्हा कधी कोणत्या विद्यापीठाकडे होता ते लिहून काढा. सोलापूर १९४९ पर्यंत मुंबईकडे, मग पुण्याकडे, १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे, २००४ पासून स्वतःचं. म्हणजे १९५५ च्या धावपटूची नोंद कोल्हापुरात शोधण्यात अर्थ नाही, ती पुण्याची. नांदेड-लातूरकरांनी १९९४ च्या आधीसाठी मराठवाडा विद्यापीठाचं दार ठोठावायचं, जळगावकरांनी १९९० च्या आधीसाठी पुण्याचं, गडचिरोली-चंद्रपूरच्या लोकांनी २०११ च्या आधीसाठी नागपूरचं. गोव्याचं विद्यापीठ १९८५ चं. त्याआधी तिथली मुलं मुंबई विद्यापीठाकडून खेळली. नामांतरांच्या तारखाही याच कागदावर टिपा. फोटोतल्या जर्सीवर नुसतं ‘पुणे विद्यापीठ’ असेल तर तो बहुधा २०१४ च्या आधीचा, सोलापूरच्या जर्सीवर ‘अहिल्यादेवी होळकर’ हे नवं नाव असेल तर २०१९ नंतरचा.

आता कागदपत्रं. महाविद्यालयाचं वार्षिक नियतकालिक सगळ्यांना आठवतं, आणि त्यात जिमखान्याचा अहवाल असतोही. पण तो अहवाल विजेत्यांचा असतो. पहिल्याच फेरीत हरून परतलेला संघ त्यात एका ओळीत उरकलेला दिसतो, कधी तेवढाही नाही. पूर्ण संघ सापडतो तो टीए-डीएच्या, म्हणजे प्रवास आणि दैनिक भत्त्याच्या बिलांत. तिथे प्रत्येक खेळाडूची सही असते, राखीव खेळाडूंचीसुद्धा, कारण भत्ता त्यांनाही मिळालेला असतो. त्याच्या जोडीला पात्रता फॉर्मच्या कार्यालयीन प्रती आणि डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही, पाहा. मॅट कोणत्या वर्षी आली, मुलींसाठी वेगळे ट्रॅकसूट कधी घेतले, हे रजिस्टरच सांगतं. मात्र ही बिलं जपून ठेवण्याची मुदत संपली की ती रद्दीत जातात, आणि नॅककडून महाविद्यालयाचं मूल्यांकन होणार म्हटलं की कपाटं झपाट्याने रिकामी होतात. तेव्हा नियतकालिकं मागे ठेवा, ती ग्रंथालयात टिकतील. आधी ऑफिसातल्या शिपाईमामांना आणि हेडक्लार्कना गाठा. जुना गठ्ठा कुठे आहे हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

वर्तमानपत्रांसाठी शहरातलं जुनं वाचनालय धरा. आमच्याकडे मी हिराचंद नेमचंद वाचनालयापासून चौकशी सुरू करायला सांगते. आंतरविद्यापीठ स्पर्धांचा मोसम साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी, त्यामुळे वर्षभराच्या फायली चाळू नका. आणि साल नेहमी जोडून लिहा: १९९३-९४. बातमी जानेवारी १९९४ ची, अहवाल १९९३-९४ चा, आणि अंक छापून आला पुढच्या वर्षी. साल सुटं लिहिलं की एकाच स्पर्धेच्या तीन स्पर्धा होतात.

तारीख नसलेलं कात्रण हाती आलं तर गुणफलक वाचा. व्हॉलीबॉलचा सेट १५-९ असा सुटला असेल तर कात्रण जुनं, कारण २५ गुणांचे सेट १९९९ च्या सुमाराला आले. (पाचव्या सेटवरून मात्र ठरवू नका, तो आजही १५ चाच आहे.) टेबल टेनिसमध्ये २१ चा गेम २००१ पर्यंत होता, नंतर ११ चा. बॅडमिंटनचं उलट, २१ गुण २००६ पासूनचे. खालच्या पातळीवर नवे नियम यायला थोडा उशीर लागतो, हे धरून चाला. खो-खोचा निकाल ‘एक डाव आणि ४ गुणांनी’ असा असेल तर तसाच उतरवा. धावण्याच्या वेळेत दशांशानंतर एकच आकडा असेल तर ती हातघड्याळावरची वेळ समजा आणि शेजारी तशी नोंद करा. तिची तुलना इलेक्ट्रॉनिक वेळेशी करून कोणाचा विक्रम मोडू नका.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. मुलींची नावं. मुलाचं नाव अठराव्या वर्षी जे होतं तेच साठाव्या वर्षी असतं. मुलगी संघात खेळते माहेरच्या नावाने, पुढच्याच वर्षी लग्न होतं, आडनाव बदलतं, कधी पहिलं नावसुद्धा बदलतं, आणि विद्यापीठाची खेळाडू जणू नाहीशीच होते. म्हणून यादीत दोन रकाने हवेतच: खेळतानाचं नाव आणि आताचं नाव. शोधताना तिच्या माहेरच्या गावात जा, भावाला विचारा, शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना विचारा. सासरी ती पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळून आली होती हे कुणाला माहीतच नसतं, असं मी फार पाहिलं आहे.

ती भेटली की ‘तुमच्या आठवणी सांगा’ असं म्हणू नका. ‘छान दिवस होते’ एवढंच उत्तर मिळेल. खो-खोवालीला विचारा, ‘पहिल्या तुकडीत कोण तिघी होत्या?’ बचावाला तिघी-तिघींची तुकडी उतरते, त्यामुळे तुकडी म्हटली की नावं तीन-तीन करून येतात. तीन तुकड्या झाल्या की नऊ जणी मिळाल्या, उरल्या त्या बाकावरच्या. कबड्डीवाल्याला डावा कोपरा, उजवा कोपरा कोण होतं ते विचारा. मग प्रवासाकडे वळा: कोणत्या गाडीने गेलात, कुठे उतरलात, जेवण कसलं होतं. उदयपूर किंवा ग्वाल्हेरला थंडीत शाळेच्या फरशीवर काढलेली रात्र निकालापेक्षा पक्की लक्षात असते, आणि तिच्या आधारानेच साल सापडतं. तिच्याकडच्या जुन्या फोटोंचे फोटो काढून घ्या, मूळ प्रत तिच्याकडेच राहू द्या.

लिहिताना तीन शब्द वेगळे ठेवा: शिबिरासाठी निवड, संघात निवड, प्रत्यक्ष खेळणं. ‘विद्यापीठाकडून खेळला’ असं सरसकट लिहिलं तर पुढे अडचण होते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि प्रमाणपत्रांची पडताळणी होते. तुमची यादी म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, पण खऱ्या खेळाडूला मूळ कागद कुठे आहे ते ती दाखवू शकते. म्हणून प्रत्येक नावापुढे आधार लिहा: बिल, कात्रण, फोटो की तोंडी. तोंडी माहिती दोघांकडून जुळल्याशिवाय पक्क्या यादीत घेऊ नका, वेगळ्या यादीत ठेवा.

यादी झाली की तीन प्रती काढा. एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखल करून तिला नोंद क्रमांक पाडून घ्या, एक विद्यापीठाच्या क्रीडा विभागात पोच घेऊन द्या, तिसरी आपल्याकडे ठेवा आणि तिच्यात शेवटी कोरी पानं बांधून घ्या. यादी फिरली की लोक फोन करतातच, राहिलेली नावं सांगायला.