आमवाताच्या लॅबमध्ये नवीन असाल तर आधी कंट्रोल बघा

मी पुण्यातून एमएस्सी करून नेदरलँड्सला पीएचडीला आले तेव्हा अँटी-सीसीपी ही आमवाताची, म्हणजे आरएची, एक ब्लड टेस्ट असते एवढंच माहीत होतं. इथे आल्यावर कळलं की रुग्णाच्या अँटीबॉडीज साध्या प्रोटीनला नाही तर त्यात केमिकल बदल झाला की त्याला धरतात, आणि सगळी गंमत (आणि डोकेदुखी) तिथेच आहे.

तर पेपर वाचायच्या आधी दोन रेणू हाताने कागदावर काढा. आर्जिनिनवर (प्रोटीनमधलं एक अमिनो अॅसिड) पॅड नावाचं एन्झाइम चालतं, त्याला कॅल्शियम लागतं, चार्ज जातो आणि होतं सिट्रुलीन; अँटी-सीसीपी टेस्ट यावरच्याच अँटीबॉडीज शोधते. लायसिन या दुसऱ्या अमिनो अॅसिडला सायनेट चिकटलं (याला कार्बामिलेशन म्हणतात) की होमोसिट्रुलीन, तिथे एन्झाइमची गरजच नाही. दोघं दिसायला भावंडंच, फक्त होमोसिट्रुलीनची साखळी एका कार्बनने लांब. होमोसिट्रुलीनवरच्या अँटीबॉडीज, म्हणजे अँटी-कार्पी, २०११ मध्ये लायडनच्या ग्रुपने दाखवल्या.

आता माझा घोळ. व्हिमेंटिन हे प्रोटीन विरघळावं म्हणून मी ते ८ मोलार युरियात टाकलं आणि रात्रभर ३७ डिग्रीला ठेवून घरी गेले, बॅक्टेरियासारखं त्यालाही ऊब बरी असेल असं काहीतरी डोक्यात असावं. मग अर्धं सिट्रुलिनेट केलं, अर्धं कंट्रोल म्हणून तसंच ठेवलं, एलायझा (अँटीबॉडी चिकटली की वेलला रंग येतो ती टेस्ट) लावली तर काही रुग्णांच्या सीरमने दोन्हीकडच्या वेल्स पिवळ्याधमक! तीन आठवडे मी वॉशिंग, ब्लॉकिंग, सेकंडरी अँटीबॉडी सगळं बदलत बसले. शेवटी एका पोस्टडॉकने विचारलं, "युरिया कधीचा गं? गरम केलास?" युरिया द्रावणात हळूहळू सायनेट बनवतो, ऊब मिळाली की आणखी जोरात, म्हणजे माझा 'साधा' कंट्रोल आधीच कार्बामिलेट झालेला. मास स्पेकमध्ये (रेणूंचं वजन मोजणारं मशीन) लायसिनवर ४३ डाल्टन जास्त दिसले तेव्हा रडू आणि हसू एकदम आलं. युरिया ताजा करा, गरम करू नका, बास.

मास स्पेकवरही डोळे झाकून विश्वास नको. सिट्रुलीनमुळे वजन जेमतेम १ डाल्टनने वाढतं आणि अस्पॅराजिन या अमिनो अॅसिडचं डीअमिडेशन (आपोआप होणारा एक केमिकल बदल) झालं तरी तेवढंच, सॉफ्टवेअर बिनधास्त चुकीचं नाव देतं. मास स्पेकआधी प्रोटीनचे तुकडे (पेप्टाइड) करणारं ट्रिप्सिन एन्झाइम सिट्रुलीननंतर कापत नाही, त्यामुळे पेप्टाइडच्या शेवटी 'सिट्रुलीन' दिसलं तर मी आधी संशयच घेते.

आणखी एक, काही अँटीबॉडीज सिट्रुलीन, होमोसिट्रुलीन आणि अॅसिटिल-लायसिन (लायसिनचंच आणखी एक बदललेलं रूप) तिघांनाही धरतात, त्यामुळे दोन प्लेट्स पॉझिटिव्ह आल्या म्हणजे दोन वेगळ्या अँटीबॉडीज सापडल्या असं लगेच गाईडला सांगायला धावू नका (मी धावले होते). आधी इन्हिबिशन करा, एका पेप्टाइडने सीरम भिजवून दुसऱ्याचा सिग्नल पडतो का बघा. त्याला सीरम भरपूर लागतं, म्हणून एथिक्सचे कागद पहिल्याच महिन्यात टाका.