व्हीलुकअपऐवजी पायथनची डिक्शनरी

मुख्य टेबलमधले जुने दर दरपत्रकातल्या नव्या दरांनी बदलायचे, तर एक्सेलमध्ये व्हीलुकअप हा कोडवरून दर शोधून आणणारा फॉर्म्युला वापरतात. पायथनमध्ये तेच काम डिक्शनरी करते, म्हणजे कोड दिला की त्याचा दर देणारी यादी. दरपत्रकातले कोड आणि नवे दर हे दोन कॉलम झिप करून (जोड्या लावून) डिक्ट या फंक्शनला द्या, डिक्शनरी तयार. मग पांडाज या टेबलं हाताळणाऱ्या पायथन लायब्ररीत मुख्य टेबलच्या कोड कॉलमवर मॅप चालवा, म्हणजे प्रत्येक कोडचा नवा दर मिळेल. न सापडलेल्या कोडपुढे मॅप रिकामी जागा सोडतं, म्हणून लगेच रिकाम्या जागा भरणाऱ्या फिलएनएने तिथे जुना दर भरा, नाहीतर चांगले दर पुसले जातील.

खरी डोकेदुखी कोड जुळण्याची. आकडा १०१ आणि मजकूर '१०१' पायथनच्या लेखी वेगळे. शेवटची स्पेसही नडते. दोन्ही फाइली वाचतानाच कोड मजकूर म्हणून घ्या, मग स्ट्रिप करा, म्हणजे कडेच्या स्पेस काढून टाका. '००७' एकदा ७ झाला की शून्यं गेलीच.

कोड दोनदा आला तर अचूक जुळणीतला व्हीलुकअप पहिली ओळ घेतो, डिक्शनरीत मात्र शेवटची टिकते. पहिलीच हवी असेल तर आधी दरपत्रकाच्या कोडवर दुबार ओळी काढणारं ड्रॉप डुप्लिकेट्स चालवा.