डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या आपल्या माणसासाठी घर तयार करताना

कुठलंही यंत्र विकत घेण्याआधी एक वही करा. आठवडाभर, रात्रीसुद्धा, काय घडतं ते वेळेसकट लिहून ठेवा: कधी उठणं झालं, पाय कुठे अडखळला, कुठल्या दाराकडे जाणं झालं, चिडचिड कशाने झाली. आम्ही हे उलटं केलं. आईसाठी आधी कॅमेरा आणला आणि नंतर कळलं की खरी अडचण होती पहाटेच्या अंधारात, अंथरुणापासून बाथरूमपर्यंतच्या दहा पावलांत. तिथे माणसाची हालचाल टिपून आपोआप लागणारे दोन छोटे दिवे पुरले. असे दिवे खाली, गुडघ्याच्या उंचीवर लावा आणि उजेड मंद, पिवळसर ठेवा. छतावरचा दिवा एकदम भक्कन लागला की माणूस दचकतो आणि उरलेली झोपही जाते. वाटेत काळं पायपुसणं असेल तर उचला. या आजारात ते खड्ड्यासारखं भासू शकतं.

जे करायचं ते लवकर करा. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, बहुधा ताज्या आठवणी आधी पुसट होतात, हाताच्या जुन्या सवयी जास्त टिकतात. रोज हाताळायची वस्तू म्हणूनच शिकण्याची ताकद आहे तोवर घरात यायला हवी. त्याहून मोठं कारण म्हणजे संमती. 'तू बाहेर गेलीस तर कुठे आहेस ते मला फोनवर दिसेल, चालेल?' हा प्रश्न आज विचारता येतो, दोन वर्षांनी कदाचित येणार नाही. मिळालेलं उत्तर वहीत लिहून ठेवा. कॅमेरा लावायचाच असेल तर त्याबद्दलही विचारा. बाथरूममध्ये आणि कपडे बदलण्याच्या जागी तो कधीच नको. ज्यांचं घर आहे त्यांची लाज आपल्या काळजीपेक्षा लहान नाही.

बाहेर निघून जाण्याची भीती सगळ्यांनाच असते, म्हणून यावर जास्त वेळ द्या. किल्लीला लावायचे ब्लूटूथ टॅग आणि माणूस कुठे आहे ते उपग्रहांच्या मदतीने कळवणारं जीपीएसचं घड्याळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टॅगला आसपास कुणाचा तरी चालणारा फोन लागतो, त्यामुळे ओसाड रस्त्यावर तो मुका होतो. जीपीएसला मोकळं आकाश लागतं आणि जागा कळवायला मोबाइलचं नेटवर्क. इमारतीच्या आत ते चुकीची जागा दाखवू शकतं. घेतल्यावर स्वतः घालून चालून या आणि घरच्यांना तुम्हाला शोधू द्या. सिमकार्डच्या रिचार्जची तारीख फोनमध्ये टाका. चार्जिंग रोज एकाच वेळी, आंघोळीच्या वेळी, करा. घड्याळ काढून टाकण्याची सवय असेल तर ते यंत्र नेहमीच्या पर्समध्ये किंवा पट्ट्यात बसतं का बघा. दार उघडल्यावर वाजणारा सेन्सर तुमच्या खोलीत वाजू दे, दाराशी नको. तिथला कर्कश आवाज घाबरवतो. घरात एकटं ठेवून बाहेरून कुलूप मात्र कधीच लावू नका, आग लागली तर सुटका नाही. अलीकडचा फोटो हाताशी ठेवा आणि शेजाऱ्यांना मोकळेपणाने सांगून ठेवा.

स्वयंपाकघरात जुनी गॅसची शेगडी काढून नवी, विजेवर चालणारी सपाट काचेची आणण्याची घाई नको. ज्वाला दिसत नाही म्हणून ती थंडच वाटते, आणि बटणं अनोळखी. जुन्याच शेगडीला ठरावीक वेळाने गॅस बंद करणारी सोय जाणकाराकडून बसवून घेता येते का ते आधी विचारा. गॅसगळतीचा अलार्म नुसता ओरडतो, गॅस बंद करेलच असं नाही. वेळेवर उघडणारा, बाकी कप्पे कुलूपबंद ठेवणारा गोळ्यांचा डबा उपयोगी आहे, पण गोळी बाहेर आली एवढंच तो सांगतो, पोटात गेली का ते नाही. फोनवर फक्त ओळखीचे नंबर वाजतील असं करा. फसवणारे कॉल अशाच घरांत पैसे शोधतात.

वार, तारीख आणि 'सकाळ' की 'संध्याकाळ' हे मोठ्या अक्षरांत दाखवणारं घड्याळ मी सगळ्यात आधी आणलं असतं, तर कितीतरी भांडणं टळली असती. आई ते बोट फिरवत मोठ्याने वाचते, 'बुधवार, सकाळ', आणि तिचे खांदे सैल पडतात. घड्याळ खुर्चीतून दिसेल अशा उंचीवर लावा, खिडकीचा उजेड काचेवर पडू देऊ नका. स्पीकरमधून आठवण करून द्यायची असेल तर घरातल्याच कुणाच्या आवाजात ध्वनिमुद्रण करा, आणि कोण बोलतंय म्हणून शोधाशोध सुरू झाली तर लगेच बंद करा.

शेवटी कागदावर ठरवा की अलार्म वाजला तर कुठल्या रात्री कोण उठणार. एकाच माणसाचा फोन सगळ्या सूचनांनी वाजत राहिला की महिन्याभरात तो माणूस आवाज बंद करतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. मग एका रात्री मुद्दाम वायफाय आणि वीज बंद करून बघा, काय काय चालू राहतं ते.