डोंगरातून पाइपलाइन नेताना या चुका टाळा

१० सप्टेंबर २०१८ ची पहाट. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बीव्हर काउंटीत काही दिवस पावसानं झोडपून काढलं होतं. पाचच्या सुमारास तिथला एक उतार सरकला आणि त्यात पुरलेली २४ इंची गॅसची लाइन तुटली. भडका उडाला, एक घर जळून गेलं, विजेचे सहा मनोरे आडवे झाले. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. 'रेव्होल्यूशन' नावाची ही लाइन सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्याआधी तीनच महिने, ७ जूनला, शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियात 'लीच एक्सप्रेस' ही ३६ इंची लाइन अशीच दरडीनं फुटली होती. तीही त्याच वर्षी जानेवारीत चालू झालेली.

दोन्ही ठिकाणी पाइप नवाकोरा होता. गंजायला वेळच मिळाला नव्हता. नवं पोलाद आणि नुकताच उकरलेला डोंगर, अशी ती जोडी होती.

घाटातल्या लाइनवर मी काही पावसाळे काढले आहेत. तिथं एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. वेल्डिंगचा एक्स-रे निघतो, कोटिंग तपासलं जातं, पाइपच्या प्रत्येक नळकांड्याचा नंबर वहीत असतो. पाणी कुठून येऊन कुठं जाणार, याची मात्र वहीच नसते.

चर बुजवला म्हणजे काम संपलं, असं धरणं

पाणलोटाची कामं करणारे डोंगराला सलग समतल चर खोदतात. ते आडवे असतात, कारण पाणी अडवायचं असतं. पाइपलाइनचा चर बहुतेक वेळा उभा उतरतो, म्हणजे नेमकं उलटं काम करतो. कोटिंगला खडा लागू नये म्हणून पाइपभोवती वाळू किंवा चाळलेली मऊ माती भरतात. आजूबाजूला घट्ट मुरूम किंवा कातळ आणि मधोमध हा भुसभुशीत पट्टा! पावसाचं पाणी तो पट्टा शोधतंच. वरून सगळं हिरवं दिसतं आणि आत पाइपच्या पोटाखालून ओढा वाहत असतो. तो वाळू धुऊन नेतो, पाइप अधांतरी राहतो आणि उताराच्या पायथ्याला जिथं चर सपाट होतो, तिथं सगळं पाणी साचून माती फुगते. दरड तिथून सुटते.

यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे: चर बुजवण्याआधी त्यात ठरावीक अंतरावर पोत्यांचे आडवे बांध घालायचे. साइटवर त्यांना ट्रेंच ब्रेकर म्हणतात. पोती पाइपच्या खालून, दोन्ही बाजूंनी आणि वरून घट्ट बसली पाहिजेत. चराच्या भिंतीतही थोडी खाच घेऊन ती आत रोवायला हवीत, नाहीतर पाणी बगलेतून निघून जातं. नुसती चरात टाकलेली पोती फोटोपुरती असतात. आणखी एक गोष्ट हमखास राहते. बांधाशी अडलेलं पाणी बाहेर काढायलाही वाट द्यावी लागते, नाहीतर आपणच डोंगराच्या पोटात टाक्या बांधून ठेवतो.

पृष्ठभागावरच्या पाण्यासाठी लाइनकरता मोकळ्या केलेल्या सगळ्या पट्ट्यावर तिरके मातीचे ताल, म्हणजे बुटके बांध घालतात. कामाच्या काळातल्या तालांचं अमेरिकेतलं सरकारी माप साधारण असं: ५ ते १५ टक्के उतारावर ९० मीटरला एक, १५ ते ३० टक्क्यांवर ६० मीटरला, त्याहून उभ्या उतारावर ३० मीटरला. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर सहज पडतो. तिथं हे आकडे जसेच्या तसे उचलणं मला धाडसाचं वाटतं, ताल याहून जवळ हवेत. तालाचं तोंड पट्ट्याबाहेर झाडीत, न उकरलेल्या जमिनीवर उघडलं पाहिजे. ते कुणाच्या भाताच्या खाचरात उघडलं तर पुढच्या वर्षी तो शेतकरी स्वतः फावडं घेऊन ताल फोडतो. त्यात त्याची काय चूक?

उरलेली माती कडेवरून खाली ढकलणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही.

हिशेब करून बघा. ३६ इंची लाइनसाठी दीड मीटर रुंद आणि दोन मीटर खोल चर धरला, तर एका किलोमीटरला ३,००० घनमीटर माती निघते. उकरलेली माती साधारण पाव पटीनं फुगते, म्हणजे ३,७५० झाली. पाइपनं स्वतः ६५० घनमीटर जागा घेतली. उरलेल्या २,३५० च्या जागेत माती न दाबता भरली तर जवळजवळ १,४०० घनमीटर शिल्लक राहते. दहा घनमीटरचा डंपर असेल तर १४० खेपा. हा नुसता चराचा हिशेब झाला. लाइन उताराला आडवी जात असेल तर मशिनं चालायला डोंगर कापून रस्त्यासारखी पायरी करावी लागते, आणि ती माती याच्या कितीतरी पट असते.

घाटात १४० खेपा वाहायला पैसा लागतो, पोकलेनच्या बकेटनं कडेवरून ढकलायला मात्र दोन मिनिटं पुरतात. ढकललेली माती झाडांच्या बुंध्यांना टेकून उन्हाळाभर शहाण्यासारखी बसते. जुलैत दोन-तीन दिवस पाऊस लागून राहिला की तिचं वजन वाढतं, कणाकणांमधली पकड सुटते आणि ती घन राहतच नाही. पातळ पिठासारखी घळीत उतरते आणि वाटेतले दगड, ओंडके, बांध सोबत घेते. तळाशी वस्ती असेल तर पुढचं सांगायला नको. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या दुर्घटनांशी पाइपलाइनचा काहीही संबंध नव्हता. पण आपल्या उतारांची ताकद जुलैत किती उरते, ते या तीन तारखा सांगतात.

आम्ही एका वळणावर अशीच माती 'तात्पुरती' ठेवली होती. मेअखेरची घाई होती, डंपर दुसऱ्या टोकाला होते. गावातले एक काका रोज बैल नेताना थांबून म्हणायचे, "ह्ये हितं ऱ्हायचं न्हाई बघा, साहेब." पहिल्या मोठ्या पावसात ती सगळी खालच्या ओढ्यात गेली. माणूस गेला नाही, पण ओढ्यावरची विहीर गाळानं भरली आणि ती उपसायला आम्हाला डंपरच्या भाड्याहून जास्त खर्च आला.

म्हणून उरलेली माती कुठं टाकायची ते खोदाईच्या आधी ठरवा. पायरी कापली असेल तर काम झाल्यावर डोंगराचा मूळ आकार परत आणायचा. त्याआधी झाडांची खोडं, पालापाचोळा आणि वरची काळी माती बाजूला काढा. खोडावर घातलेला भराव खोड कुजल्यावर सरकतो, आणि कुजायला तीन-चार वर्षं लागत असल्यानं तोवर कंत्राटदाराची जबाबदारी संपलेली असते.

शक्य असेल तिथं लाइन डोंगराच्या सोंडेवरून किंवा सरळ उभ्या उतारानं न्यावी, आडव्या उताराला टाळावं. आडव्या लाइनला दरड बाजूनं ढकलते. पाइपची जाडी प्रामुख्यानं आतला दाब सोसायला ठरवलेली असते, बाहेरून सरकणारा डोंगर पेलायला नव्हे.

'हा काय ओढा आहे?'

मार्चमध्ये सर्वेक्षण केलं तर कोकणातले निम्मे पऱ्हे कोरडे दिसतात, आणि नकाशात कोरडं ते मग नसलेलंच होतं. बीव्हर काउंटीतल्या त्याच लाइनच्या चौकशीत राज्याच्या पर्यावरण खात्याला किमान २३ ओहोळ पूर्णपणे बुजवलेले सापडले. जानेवारी २०२० मध्ये कंपनीला ३ कोटी डॉलरहून जास्त दंड झाला. ओहोळ बुजवला तरी त्याचं पाणी कुठं जात नाही, ते भरावात शिरतं.

रशियाच्या साखालिन बेटावर तेलाची आणि वायूची अशा दोन लाइनी सुमारे ८०० किलोमीटर उत्तर-दक्षिण टाकल्या. वाटेत हजारावर ओढे-नद्या, त्यातल्या कित्येक सामन माशाच्या विणीच्या. सामन खड्यांच्या तळात अंडी घालतो. वरच्या उताराची माती वाहून आली की खड्यांमधल्या फटी बुजतात आणि अंडी गुदमरतात. मकारोव्हच्या डोंगराळ पट्ट्यात तर दरडी आणि चिखलाचे लोंढे ही नेहमीची भीती. २००६ मध्ये रशियन सरकारनं या कामावर पर्यावरणाचा बडगा उगारला आणि वर्षअखेर प्रकल्पाचा निम्म्याहून थोडा अधिक वाटा गाझप्रॉम या रशियन सरकारी वायू कंपनीकडे गेला. त्यात राजकारण किती होतं हा वेगळा विषय, पण बोट ठेवायला जागा धूप झालेल्या उतारांनीच दिली.

ओढ्याखालून ड्रिलिंग केलं म्हणजे सुटलो, असंही नाही. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत रोव्हर नावाच्या गॅसलाइनच्या ड्रिलिंगमधला (भोक पाडताना दाबानं आत सोडतात तो) सुमारे ७५ लाख लिटर चिखल टस्करावस नदीलगतच्या पाणथळीत पसरला. ड्रिलिंगच्या चिखलाचा दाब अचानक उतरला की मशिन थांबवा. चिखल कुठंतरी फुटून निघालेला असतो.

चाचणीचं पाणी उतारावर सोडणं

ही चूक कुणी लिहीत नाही. ३६ इंची लाइनचा दहा किलोमीटरचा तुकडा पाण्यानं भरून तपासला, तर आत साठ लाख लिटरच्या आसपास पाणी असतं. ते एका रात्रीत डोंगरावर सोडलं की भर मे महिन्यातही ढगफुटी झाल्यासारखी घळ पडते. पाणी सपाटीवर उतरवा, दगड आणि गवताच्या पेंढ्या लावून त्याचा जोर मोडा आणि हळू सोडा.

गवत पेरलं, आता बघायला नको

पाइपवर मोठी झाडं चालत नाहीत, म्हणून पट्टा उघडा राहतो. सप्टेंबरात पेरलेल्या गवताला मुळं धरायला ओल पुरत नाही. मिरगाआधी पेरा आणि वर काथ्याची जाळी अंथरा. तालांच्या काठाला वाळा लावा, त्याची मुळं खोल जातात. उभा चर मिरगापर्यंत बुजत नसेल तर तो उघडाच नका. अर्धवट चर पावसात उघडा ठेवण्यापेक्षा सहा महिन्यांचा उशीर बरा. हे वरिष्ठांना सांगताना घसा कोरडा पडतो, हे खरं.

भेग मातीनं बुजवून मोकळं होणं

पट्ट्याच्या वरच्या अंगाला चंद्रकोरीसारखी भेग दिसली, तर उतार सुटायला लागला आहे. लाइनची जागा दाखवणारे खांब कलणं, तारेचं कुंपण एकीकडे ताणून दुसरीकडे सैल पडणं, पायथ्याला जमीन फुगणं, कोरड्या जागी नवा झरा फुटणं, हीही त्याचीच लक्षणं. झरा गढूळ असेल तर आतून माती धुतली जाते आहे.

अशा वेळी तीन गोष्टी हमखास उलट्या केल्या जातात. भेगेच्या वर दगड-माती टाकतात, म्हणजे सरकणाऱ्या भागावर आणखी वजन. पायथ्याला आलेला चिखल पोकलेननं 'साफ' करतात, म्हणजे उताराला टेकू देणारा पायच काढून घेतात. आणि वरच्या बाजूला पाणी अडवायचे चर खोदतात. एरवी ते पुण्याचं काम, इथं मात्र ते पाणी थेट दरडीत मुरतं.

आधी वरून येणारं पाणी दुसरीकडे वळवा. भेग चिकणमातीनं भरून वर ताडपत्री टाका, पण त्याआधी तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका. मधलं अंतर टेपनं मोजून तारखेसह लिहा, रोज एकाच वेळी. अंतर वाढण्याचा वेग वाढत असेल तर मोजायलाही जाऊ नका, खालची घरं रिकामी करा. ओढ्याचं पाणी अचानक आटलं किंवा गढूळ झालं, तर वर कुठंतरी माती अडली आहे. बघायला वर चढू नका, पात्रापासून बाजूला उंचावर जा. पाइप उघडा करून त्यावरचा ताण उतरवणं हे फक्त कंपनीच्या तज्ज्ञांचं काम आहे.

शेतकऱ्यांसाठी एक सांगायचं राहिलं. तेल-वायूच्या लाइनसाठी १९६२ च्या कायद्याखाली जमिनीच्या वापराचा हक्क घेतला जातो, मालकी तुमचीच राहते. कामामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडे मागता येते. काम सुरू होण्याआधी बांध, विहीर, पऱ्हा यांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. लाइनच्या खांबावर आणीबाणीचा फोन नंबर आणि साखळी क्रमांक, म्हणजे लाइनवरचं ते ठिकाण सांगणारा अंतराचा आकडा असतो. फोन करताना आधी साखळी क्रमांक सांगा, मग भेग खांबाच्या वर आहे की खाली, आणि ती कालपासून किती बोटं रुंदावली.