रॅम वाढवली अन् रीडिंग बिघडलं? डीएमए झोनच्या या चुका टाळा

जालन्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये जुनं पीसीआय कार्ड भट्टीचं तापमान टिपायचं. २ जीबी रॅमवर वर्षानुवर्षं निमूट चाललं. रॅम ८ जीबी केली अन् रीडिंगच्या जागी कचरा यायला लागला. केबल बदलली, अर्थिंग तपासलं, लाइटच्या वर-खाली होण्याला शिव्या घालून झाल्या. शेवटी बूट करताना लिनक्स कर्नलला ‘मेम=२जी’ (म्हणजे २ जीबीच रॅम वापर) दिलं आणि रीडिंग जाग्यावर. दोन मिनिटांची चाचणी, आम्ही तिसऱ्या दिवशी केली. तुम्ही पहिल्या तासात करा.

कार्ड डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट रॅममध्ये लिहितं. पण त्याला पत्ता ३२ बिटांचाच कळतो, म्हणजे ४ जीबीच्या वरचं त्याला दिसतच नाही. आमचा ड्रायव्हर ‘व्हर्ट_टू_फिज’ फंक्शनने रॅममधला खरा पत्ता काढून तो ३२ बिटांच्या रजिस्टरात कोंबत होता. वरचे बिट गळाले, कार्डाने डेटा मेमरीच्या भलत्याच पानावर (तुकड्यावर) ओतला. एररसुद्धा नाही!

कर्नल रॅमचे पत्त्यांनुसार झोन पाडतो. मग घाईतली चूक: मेमरी मागताना डीएमए झोनचा फ्लॅग ‘जीएफपी_डीएमए’ चिकटवणं. एक्स८६ वर (नेहमीच्या पीसीवर) तो झोन जेमतेम १६ एमबी, आयएसए कार्डांच्या जमान्यातला. मोठा बफर मागा, रिकाम्या हाताने परत याल. मेमरी देणाऱ्या ‘केमॅलॉक’ फंक्शनला ‘जीएफपी_डीएमए३२’ (४ जीबीखालचा झोन) देऊनही भागत नाही, तो ते मानत नाही. झोन आपण निवडायचाच नाही. प्रोबमध्ये (कार्ड सापडल्यावर चालणाऱ्या ड्रायव्हरच्या फंक्शनमध्ये) ‘डीएमए_सेट_मास्क_अँड_कोहेरंट’ने ३२ बिट सांगा, बफर ‘डीएमए_अ‍ॅलॉक_कोहेरंट’कडून घ्या, झोन कर्नल बघून घेतो. हे आकडे एआरएम प्रोसेसरवर मात्र गृहीत धरू नका. रास्पबेरी पाय ४ वर डीएमए झोन १ जीबीचा असतो.

आधीचाच बफर कार्डाला जोडून द्यायला ‘डीएमए_मॅप_सिंगल’ वापरत असाल तर स्टॅकवरचा बफर देऊ नका, आणि ‘डीएमए_मॅपिंग_एरर’ तपासा. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ‘एसडब्ल्यूआयओटीएलबी बफर इज फुल’ दिसलं की लोक तो ६४ एमबीचा बफर (कार्डाच्या आवाक्याबाहेरचा डेटा ज्यातून फिरवला जातो तो) वाढवत सुटतात. आधी अनमॅप (जोडलेला बफर सोडवणं) कुठे राहिलंय ते शोधा. नाहीतर गळक्या टाकीला टँकर लावल्यासारखं होतं.

झोनइन्फोत (कर्नलच्या झोननिहाय हिशोबात) पानं मोकळी दिसतात, तरी साध्या मागणीला मिळत नाहीत? जायकवाडीत पाणी दिसतं म्हणून सगळंच कालव्याला सुटत नाही, पिण्यासाठी राखतात, तसं हे राखीव. किती राखायचं ते ठरवणाऱ्या ‘लोमेम_रिझर्व्ह_रेशो’चा हिशोब उलटा आहे: आकडा भागाकाराचा. आमच्यातल्या एकाने राखीव वाढवायला तो दुप्पट केला, अन् होतं तेही निम्म्यावर आलं.