बंद झालेला महागडा डिस्क प्लेयर मोडीत काढण्याआधी

महागडे डिस्क प्लेयर बनवणाऱ्या ओप्पोने २०१८ साली ते बनवणं थांबवलं, तरी घरातला चांगला प्लेयर लगेच टाकू नका. ट्रे अडकत असेल तर बहुतेकदा आतला रबरी बेल्टच सैल झालेला असतो. तो स्वस्तात बदलतो. डिस्क वाचत नसेल तर आधी लेन्स हलक्या हाताने पुसा. तरीही जमलं नाही, तर लेझर पिकअपवरचा (डिस्क वाचणाऱ्या लेझर-लेन्सच्या भागावरचा) क्रमांक टिपून घ्या. एकच पिकअप अनेक कंपन्यांच्या यंत्रांत असतो, त्यामुळे सुटा भाग त्या क्रमांकावरूनच शोधावा. नव्या पिकअपवर स्थिर विजेपासून बचावासाठी बऱ्याचदा सोल्डरचा (जोडकामाच्या धातूचा) ठिपका असतो. रिबन केबल (पिकअपची चपटी तार) जोडल्यावर तो काढायलाच हवा, नाहीतर लेझर पेटतच नाही आणि चांगला भाग खराब समजून परत जातो!

नवा प्लेयर घेताना तो एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे जास्त दर्जाच्या आवाजाची डिस्क) वाचतो का, हे मात्र आधी विचारा.